डिसेंबरच्या ट्रेकला ‘बेअरफूट’ बूट घालून जाऊ का?

ताई, नमस्कार.

मी ४४ वर्षांचा. राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतोय, अजूनही वर्षाला आठ-दहा ट्रेक होतात. माझा पाय पुढून रुंद आहे. कुठलेही बूट घेतले तरी करंगळी चेपते आणि मोठ्या उतरणीनंतर अंगठ्याचं नख काळं पडतं. दोन वर्षांत दोनदा नख गेलं. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधला एक पोरगा अगदी पातळ तळाचे ‘बेअरफूट’ बूट घालून आला होता. सगळ्यांच्या पुढे चालत होता. म्हणाला, ‘हे घातल्यापासून गुडघेदुखी गेली, जाड बुटांनी आपले पाय पांगळे करून ठेवलेत.’ तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. एक जोडी पसंत केलीय, अकरा हजारांना पडतेय. बायको म्हणते, ‘एवढे पैसे मोजून अनवाणीच चालायचं असेल तर चपला काढून चाल की!’

डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा ट्रेक ठरलाय. तोवर सवय होईल का? रोज ऑफिसला जाताना हेच घातले तर? आणि वडिलांसाठीही एक जोडी घ्यावी असं मनात आहे. ते ७१ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, रोज सकाळी फिरायला जातात. हल्ली तळव्यांना मुंग्या येतात, ‘गादीवरून चालल्यासारखं वाटतं’ म्हणतात. त्यांना याने बरं वाटेल का?

— एक डोंबिवलीकर

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको. वडिलांसाठी बेअरफूट बूट घेऊ नका. ‘गादीवरून चालल्यासारखं वाटतं’ हे वाक्य मधुमेहाच्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की तळव्यांच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. पातळ तळाच्या बुटांचा सगळा कारभार एका गोष्टीवर चालतो: खालचा खडा पायाला कळणार आणि पाय आपणहून सावरून घेणार. ज्या पायाला खडाच कळत नाही, त्याच्याखाली चार मिलिमीटर रबर देऊन काय उपयोग? माझ्या एका काकांच्या चपलेतून खिळा आरपार गेला होता आणि ते त्यावर अख्खी सकाळ हिंडले. संध्याकाळी काकूला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा घरात कळलं.

त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या आणि ‘पायाची संवेदना तपासा’ असं स्पष्ट सांगा. नायलॉनचा एक दोरा असतो, दहा ग्रॅम जोर पडला की वाकणारा. तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारतात, कळलं का? सुई नाही, दुखणं नाही, पाच मिनिटांचं काम. पायाचा रक्तपुरवठाही त्याच वेळी बघून घ्या. चपला घ्यायच्या त्या एमसीआरच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी हे मऊ रबर आपल्याकडे कित्येक दशकं वापरात आहे, मधुमेहींच्या चपलांतही तेच असतं. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरशात. आणि दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा बंद. देव समजून घेईल.

आता तुमचं.

‘बेअरफूट’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली, बूट पुढून रुंद असणं, म्हणजे बोटांना पसरायला जागा. दुसरी, टाच आणि चवडा एकाच पातळीवर असणं. नेहमीच्या धावायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. या बुटांत हा फरक शून्य. तिसरी, तळ पातळ आणि लवचीक असणं, इतका की बुटाची गुंडाळी व्हावी. दुकानात तिन्ही एकत्र मिळतात म्हणून आपण एकत्र विकत घेतो. पण एक घेतलं की दुसरं घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. अल्ट्रा कंपनीचा लोन पीक हा बूट बघा: पुढून ऐसपैस, टाच-चवडा सपाट, पण खाली तब्बल २५ मिलिमीटरचा थर.

तुमचं पत्र पुन्हा वाचा. करंगळी चेपते, नख काळं पडतं. ही तक्रार रुंदीची आहे, थोडी लांबीची, थोडी नाडीची. तळाच्या जाडीबद्दल तुमची तक्रारच नाही! ती त्या पोराने तुमच्या डोक्यात घातली.

आज रात्री एक करा. सध्याच्या ट्रेकिंग बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला लावून, पूर्ण वजन टाकून. करंगळी आणि तिच्या मागचा उंचवटा सोलबाहेर लोंबत असेल, तर इतकी वर्षं तेवढं मांस तुम्ही प्रत्येक ट्रेकला आत दाबत होतात. मग कोरा कागद घ्या, त्यावर उभे राहा आणि घरातल्या कुणाकडून तरी पेन्सिल उभी धरून पायाची कड काढून घ्या. स्वतः वाकून काढलीत तर वजन सरकतं आणि माप चुकतं. हे संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांचं घ्या, एक जवळजवळ नेहमीच मोठा निघतो. कुठलाही बूट मागवण्याआधी त्या कागदावरची सर्वांत रुंद जागा मोजा, आणि सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा धरा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतं असं नाही, माझं दुसरं आहे.

नखाचं म्हणाल, तर उतारावर पाय बुटात पुढे घसरतो आणि अंगठा प्रत्येक पावलाला पुढच्या भिंतीवर आपटतो. हरिश्चंद्रगड उतरताना असे काही हजार ठोके बसतात. घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा छोटा फास करून त्यातून उलटी नाडी ओवा आणि खेचून बांधा. टाच मागे पक्की बसते. फुकटचा उपाय आहे, उद्याच करून बघा. नखं ट्रेकच्या दोन दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही.

राहिला पातळपणा. त्याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण त्यात मी स्वतः पोळलेय.

२०१३ साली भाच्याने अमेरिकेतून पाची बोटं वेगळी असलेले बूट आणून दिले. पायात हातमोजे घातल्यासारखे दिसायचे. पहिल्या रविवारी ते घालून मी गुंजवण्यातून राजगड चढले, चोर दरवाजाने. काय सांगू! खालचा दगड, माती, मुळं, सगळं तळव्याला कळत होतं. तीस वर्षांत त्या वाटेवर इतकी जागी होऊन मी चालले नव्हते. पोटऱ्या मात्र दोन दिवस अशा धरल्या की जिना उलटा उतरत होते. ‘सवय होतेय’ असं म्हणून पुढच्या रविवारी तोरणा केला, त्याच्या पुढच्या रविवारी राजगड ते तोरणा. बुधला माचीकडच्या सोंडेवर उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, ठणका सुरू झाला. एका बोटाने दाबून दाखवता येईल इतकी नेमकी जागा. एक्स-रे काढला तर काहीच नाही. तीन आठवड्यांनी दुसरा काढला, तेव्हा हाड भरून येत असल्याची खूण दिसली. म्हणजे चीर पडली होती, आधी दिसली नव्हती इतकंच. होळी आणि पाडवा पाटावर पाय ठेवून काढला. चूक बुटांची नव्हती. डब्यात मार्गदर्शक पत्रक होतं, त्यात ‘हळूहळू’ हा शब्द ठळक छापला होता. मी पत्रक वाचलं ते पाय पाटावर आल्यावर.

गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने ३६ धावपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १९ जणांना दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने असे बूट दिले, बाकीच्या १७ जणांनी नेहमीचे वापरले. शेवटी एमआरआयमध्ये पातळ बुटांतल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली, नेहमीच्या बुटांतल्या एकाच्या. दहा आठवडे, तेही तरबेज धावणाऱ्यांना! स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, हाडाला आणि टाचेमागच्या शिरेला महिने लागतात. आणि मधल्या काळात स्नायूला जोर आलेला असल्यामुळे आपल्याला वाटतं, झालो की तयार.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच विद्यापीठातल्या मंडळींनी २०१९ साली दाखवलं की पातळ बुटांत नुसतं चालल्यानेही, धावल्याने नव्हे, आठ आठवड्यांत तळव्याचे छोटे स्नायू पायाचे व्यायाम केल्याइतकेच बळकट होतात. लिव्हरपूलच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापराने बोटांची जमीन धरायची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे तुमच्या ग्रुपमधला पोरगा थापा मारत नाहीये. ‘गुडघेदुखी गेली’ हेही त्याच्यापुरतं खरं असेल. फक्त भार कुठे जात नाही, पत्ता बदलतो. धावताना टाचेऐवजी चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि पोटरी आणि टाचेमागची शीर तो उचलतात. पंचविशीतली शीर तो बिनबोभाट उचलते. चव्वेचाळीसची कुरकुरते.

‘सगळ्यांचे सगळे आजार बरे’ असं कुणी म्हणालं की मात्र सावध व्हा. पाच बोटांच्या बुटांमुळे नावारूपाला आलेल्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला होता, की पाय बळकट होतात, दुखापती कमी होतात हे दावे पुराव्याशिवाय केले. २०१४ साली कंपनीने चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटवला. बूट त्यानंतरही विकले जातात आणि चांगले आहेत. फक्त जाहिरातीची भाषा जरा खाली आली.

आणि ते ‘आपले पूर्वज अनवाणीच चालायचे’, ‘गाववाले बघा कसे चालतात’. यावर मला एक वाटाड्या आठवतो. पाचनईच्या बाजूचा, महादेव कोळी, पन्नाशीचा. माझे ते बोटांचे बूट त्याने बराच वेळ न्याहाळले आणि हळूच विचारलं, ‘बाई, फाटलं का काय?’ मी अभिमानाने सांगितलं की हे मुद्दामच असे असतात, तुमच्यासारखं चालता यावं म्हणून. तो हसला. त्याच्या स्वतःच्या पायात प्लास्टिकचे काळे बूट होते, आणि मुलगा नाशकाहून नवे स्पोर्ट शूज आणणार होता त्याची तो वाट बघत होता. त्याचा पाय मात्र बघण्यासारखा होता: पंख्यासारखा पसरलेला, बोटाबोटांत अंतर, टाचेला जाड कातडं. तो पाय पाचव्या वर्षापासून तसा घडत आलेला. १९९२ साली राव आणि जोसेफ या आपल्याकडच्या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, न वापरणाऱ्यांत २.८. पण ती मुलं होती, पाय घडण्याच्या वयातली. फोर्टला नोकरी करणाऱ्या माणसाची कमान चव्वेचाळिसाव्या वर्षी डिसेंबरपर्यंत नव्याने घडत नाही.

(इथे कुणीतरी हमखास अबेबे बिकिलाचं नाव काढतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन तो अनवाणी धावून जिंकला, हे खरंच. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला. तीही जिंकला, आणि तीन मिनिटं आधी पोचला.)

आता डिसेंबर. माझं उत्तर नाही असं आहे. त्या तीन दिवसांची वाट डोळ्यांसमोर आणा. रतनगडाच्या लोखंडी शिड्या: पातळ तळाने शिडीचा गज कमानीत असा रुततो की पुढची शिडी चढावीशी वाटत नाही. कात्राबाईच्या खिंडीकडचा घसारा, तिथे प्रत्येक पावलाला पायाखालचे खडे गडगडतात आणि तळ ताठ असला तरच कड मारून उभं राहता येतं. कुमशेतकडे वाळलेलं गवत, त्यावर पाय निसटतो. बाभळीचा काटा तर चार मिलिमीटर रबरातून सरळ आत येतो. आणि पाठीवर तंबू, शिधा, पाणी धरून दहा-बारा किलोंची सॅक. हे ओझं तुमच्या त्या पोराच्या पाठीवर होतं का, आठवून बघा. बहुतेक एका दिवसाची चढाई असेल आणि छोटी पिशवी. शिवाय एकदा कुमशेतच्या पुढे पाय धरला की रिक्षा नाही, चालतच बाहेर पडायचं असतं.

डिसेंबरला रुंद पंजाचे, चांगल्या ग्रिपचे, मध्यम जाडीचे बूट घाला. आहेत तेच रुंदीच्या परीक्षेत पास झाले तर उत्तम. नाही झाले तर सप्टेंबरातच नवे घ्या, म्हणजे तीन महिने ते पायाला सरावतील. आपल्याकडे कित्येकांची अर्धी हयात अ‍ॅक्शन ट्रेकिंगच्या हजार-बाराशेच्या बुटांत गेली, आणि ते ओल्या कातळावर धरतात ते महागड्या बुटांनाही जमत नाही. पुढून ते तुम्हाला अरुंद पडतील का, हे कागद सांगेल. एक नंबर मोठा घेऊन रुंदी मिळते का बघू नका, लांबी वाढते आणि पाय आत पोहतो.

पातळ जोडी मग घ्यायचीच नाही का? घ्या, पण रोजच्या चालण्यासाठी. आणि त्याच्याही आधी बायकोचं ऐका. त्या विनोद करत होत्या, पण बोलल्या बरोबर. घरात चपला घालून वावरत असाल तर त्या बंद करा. भोपरच्या टेकडीवर सकाळी गेलात तर मातीचा एखादा साफ तुकडा बघून दहा मिनिटं चपला हातात घ्या. घरात कोल्हापुरी असेल तर तीही काढा: टाचेला चामड्याचा एखादा थर जास्त असतो, पण सपाट, पातळ आणि पुढून बोटं मोकळी. तेल देऊन मऊ केलेली कोल्हापुरी घालून रोज संध्याकाळी अर्धा तास फिरलात, तर पातळ तळाशी आपलं जमतं का हे अकरा हजार न घालवता कळेल. पावसाने उघडीप दिल्यावर, अर्थात.

दोन छोट्या परीक्षा घ्या. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतं का? आपल्या आजोबांना मरेपर्यंत येत होतं, आपल्याला कमोडने विसरायला लावलं. दुसरी: भिंतीसमोर उभे राहा, अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? दोन्ही जमत नसेल तर पोटऱ्या आखडलेल्या आहेत आणि सपाट टाचेचा बूट त्यांना रोज ताणणार. आधी महिनाभर पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा वर-खाली करायचा व्यायाम करा, सावकाश, आधी दोन पायांवर, मग एकेका. एका पायावर सलग वीस जमायला लागले की जोडी मागवा.

आली की पहिले दोन आठवडे दिवसाला अडीच हजार पावलं, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. मग दोन आठवडे पाच हजार, मग सात हजार. पाऊल छोटं टाका. आणि चालताना टाच आधी टेकवा. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बेअरफूट’ म्हणजे चवड्यावर चालायचं अशी समजूत करून घेऊन लोक मांजरासारखे चालत सुटतात आणि पोटऱ्या बांधून घेतात. अनवाणी माणूसही चालताना टाचच आधी टेकवतो, फक्त हलकेच. चवड्यावर उतरणं हा धावण्यातला विषय. पोटरी जडावली तर चालेल. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखलं, किंवा सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ आली, तर जुने बूट घाला आणि कमी होईना तर डॉक्टर गाठा.

ऑफिसचं म्हणाल तर गाडीत नको. सकाळच्या फास्टला डोंबिवलीला चढताना तुमच्या पायावर किती जण उभे राहतात ते तुम्हाला माहीत आहे. पातळ जाळीच्या बुटात तो एकेक पाय मोजता येतो. पावसाळ्यात तर त्या जाळीतून गटाराचं पाणी थेट बोटांत, आणि पायाला खरचटलं असेल तर लेप्टोची भीती. जोडी ऑफिसच्या खणात ठेवा, जेवणाच्या सुट्टीत ओव्हल मैदानाला एक चक्कर मारा. या बुटांची गुंडाळी होते त्याचा एवढा तरी फायदा घ्या.

घेताना बूट हातात धरून पुढचं टोक मागच्या टोकाला लावून बघा, मग पिळून बघा. दोन्ही सहज व्हायला हवं, नाहीतर पैसे नुसत्या नावाचे. शहरात चार-पाच मिलिमीटरचा तळ पुरतो. डोंगरासाठी खालची नक्षी धरून आठ-दहा हवा, आणि टाच मागून घट्ट धरणारा. कागदावरची आकृती कापून बुटात सरकवून बघा. कडा दुमडल्या तर परत करा, ‘वापरून सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर घेऊ नका. आणि परत करायची सोय असेल तिथूनच घ्या, कारण व्हिवोबेअरफूट, झीरो, मेरेल, प्रत्येकाचा ४२ नंबर वेगळा.

फेब्रुवारीपर्यंत रोजची सात हजार पावलं बिनतक्रार होत असतील, तर लोणावळ्याहून राजमाचीला जा. लांब पण सोपी वाट, अवघड कुठे नाही. हलकी पिशवी, जुने बूट पाठीवर. ते जमलं तर पुढच्या दिवाळीनंतर आतकरवाडीतून सिंहगड. रतनगडाच्या शिड्या त्याच्यानंतर कधीतरी, तेव्हा मला पुन्हा लिहा.

या डिसेंबरलाही पातळ जोडी सॅकमध्ये टाका मात्र. वजन काहीच नाही, आणि दिवसभर जाड बुटांत चेपलेल्या बोटांना मुक्कामावर ती घालून चूल पेटवायला बसण्यासारखं सुख नाही. रात्री तंबूबाहेर ठेवू नका. ठेवलीतच तर सकाळी उलटी करून दगडावर चांगली झटका. ऐसपैस पंजा विंचवालाही आवडतो.